मोरोक्को सेल्फ-ड्राइव्ह सहल : कबूल केलेले न दिल्याबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

विषय : मोरोक्को सहलीतील सेवात्रुटी

स. न. वि. वि.

आपल्या कार्यालयातून आम्ही सहा मित्रांनी मोरोक्कोतील ऐतिहासिक शहरांची सेल्फ-ड्राइव्ह सहल घेतली. पैसे निघण्यापूर्वीच पूर्ण भरले होते. जे बिघडले त्यात ना हवामानाचा दोष, ना त्या देशाचा. कार्यक्रमपत्रिका तयार करणाऱ्याने नकाशा उघडलाच नव्हता, ही आमची मूळ तक्रार आहे.

सुरुवात गाडीपासून. सात आसनी ऑटोमॅटिक गाडीसाठी आपण जादा रक्कम घेतलीत. तिथे स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला, म्हणून तर आम्ही ऑटोमॅटिकचा आग्रह धरला होता. कासाब्लांका विमानतळावर मिळाली पाच आसनी मॅन्युअल गाडी. सहाव्याने काय टपावर बसायचे? शेवटी दुसरी छोटी गाडी आम्ही पदरच्या पैशाने घेतली. आपल्या हेल्पलाइनला फोटो पाठवले, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नोटेड सर’ एवढेच उत्तर आले.

कासाब्लांकातली हसन दुसरे मशीद पत्रिकेत ‘गाडीतून दर्शन’ या सदरात होती. मोरोक्कोत मुस्लिमेतरांना ज्या मोजक्या मशिदींत आत जाता येते त्यांतली ही सर्वात प्रसिद्ध. तिकीट काढून गाइडबरोबर आतून दाखवतात. ती आतली भेट आपण वगळलीत. उलट फेझच्या अल-करावियीन मशिदीत आणि माराकेशच्या कुतुबिया मशिदीत ‘आतून भेट, प्रवेशशुल्क समाविष्ट’ असे छापलेत. या दोन्ही ठिकाणी मुस्लिमेतरांना प्रवेशच नाही. मग हे शुल्क कुणाला भरले, ते कळवावे. इसवी सन 859 मध्ये फातिमा अल-फिहरी यांनी स्थापन केलेली म्हणून सांगितली जाणारी करावियीन आम्ही दारातून, इतर पर्यटकांच्या खांद्यांवरून पाहिली. शेजारच्या अत्तारीन मदरशात तिकीट काढून जाता येते, हे आम्हाला एका दुकानदाराने सांगितले. त्याचे पैसे आम्हीच भरले, आणि सहलीतली सर्वात सुंदर वास्तू तीच निघाली.

परवानाधारक गाइड फेझमध्ये यायचा होता, तो आलाच नाही. त्यातून आपण फेझचा बाजार ठेवलात शुक्रवारी दुपारी! त्या वेळी जुन्या शहरातली बरीचशी दुकाने बंद असतात. वार बघायला कॅलेंडर पुरले असते.

मुक्कामाच्या रियाडविषयी (आत अंगण असलेले पारंपरिक घर, जिथे पाहुण्यांची सोय असते) तक्रार नाही. माणसे अगत्याची, जेवण उत्तम. पण व्हाउचरवर ‘दारात मोफत पार्किंग’ कसे काय? फेझ अल-बालीच्या, म्हणजे जुन्या फेझच्या, गल्ल्यांत गाडी शिरत नाही, तिथे सामान खेचरावर किंवा हातगाडीवर जाते. गाड्या बाब बू जलूद या वेशीच्या बाहेर पैसे देऊन लावल्या आणि बॅगांसाठी हातगाडी केली.

सर्वात जास्त हळहळ व्होल्युबिलिसची आहे. मेकनेसपासून सुमारे 30 किलोमीटरवरचे हे रोमन शहर 1997 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आमच्यापैकी दोघे इतिहास शिकवतात. त्यांच्यासाठी सहल म्हणजे मुख्यतः हेच ठिकाण होते. पत्रिकेप्रमाणे सकाळी रबात, दुपारी मेकनेस आणि व्होल्युबिलिस अगदी शेवटी. ते ठिकाण सूर्यास्ताच्या सुमारास बंद करतात. आम्ही आपल्या वेळापत्रकाबरहुकूम पोहोचलो तेव्हा फाटकाला कुलूप लागले होते. सम्राट काराकाल्लाची 217 सालची कमान कुंपणाबाहेरून पाहिली. जमिनीवरची मोझाइक चित्रे बाहेरून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. क्रम उलटा ठेवला असता तर एक पैसाही जास्त लागला नसता.

आणि फेझ ते माराकेश. पत्रिकेत 390 किलोमीटर, चार तास. हे अंतर कावळ्याने सरळ रेषेत उडत जाण्याचे आहे. रस्त्याने, कासाब्लांकावरून मोटरवेने, ते 500 किलोमीटरच्या वर जाते आणि टोल वेगळा. माराकेशच्या जेमा एल-फ्ना चौकातली संध्याकाळ आम्ही टोलनाक्यांवर काढली.

आमची मागणी अशी : ऑटोमॅटिकसाठी घेतलेली जादा रक्कम, दुसऱ्या गाडीचे भाडे, न आलेल्या गाइडचे शुल्क, दोन्ही मशिदींचे ‘प्रवेशशुल्क’ आणि फेझमधला पार्किंग-हातगाडीचा खर्च पूर्ण परत मिळावा. व्होल्युबिलिस हुकल्याबद्दल वेगळी भरपाई द्यावी. पुढच्या सहलीवर सवलतीचे कूपन नको आहे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर आम्ही पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आधीच नोंदवली आहे. रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात जमा करावी.

आपला,
बुकिंगधारक (सहाही प्रवाशांच्या वतीने)

सोबत : छापील कार्यक्रमपत्रिका, पावत्या, गाडीचे व बंद फाटकाचे फोटो, हेल्पलाइनशी झालेला संवाद