गोदू म्हणजे लक्ष्मीच

मँचेस्टर,
9 नोव्हेंबर

ती. मोठ्या आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा तुझा फोन झाला आणि मला रात्री झोपच लागली नाही. "भाऊबीजेला पणजीचा भाऊ यायचा, तो दारातूनच गोदू म्हणून हाक मारायचा, असं सासूबाई सांगायच्या," एवढं तू सहज बोललीस आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठलीस. इकडे मी वही काढून बसले. इतक्या दिवसांची गाठ तुझ्या त्या एका वाक्याने सुटली.

झालं होतं असं, की भाऊने तालुक्याहून नकला काढून पाठवल्या, त्यात 1958 चा फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढवल्याची नोंद आहे. पणजोबांच्या मागे वारस म्हणून पहिलं नाव 'लक्ष्मी बेवा', म्हणजे विधवा, खाली मुलगे आणि त्यांच्याखाली मुलीही. 1956 चा वारसा कायदा नुकताच लागू झाला होता, म्हणून मुली आल्या. त्याआधीचे कागद पाहिले तर आपल्या घरात कधी मुलगी जन्मलीच नाही असं वाटावं. पुढच्याच वर्षी आत्याआजीचं हक्कसोडपत्र आहे, अंगठा लावलेलं. तो अंगठा पाहिला की मला फार वाईट वाटतं. पण त्याच कागदामुळे तिचं नाव आणि सासरचं गाव आज मला कळलं, हेही खरं.

आणि मग यंदा महालक्ष्म्यांना पोरं फोन घेऊन घरभर फिरत होती, तेव्हा सैपाकघरात तू माळ्यावरून काढलेली भांडी चिंचेने घासून पालथी घातली होतीस. त्यातल्या मोठ्या पितळी गंजावर मला अक्षरं दिसली. तुला आठवत असेल, मी ओरडून तो गंज उजेडात न्यायला लावला. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, मधले दोन ठिपके झिजून गेलेले: 'चि. सौ. कां. गोदावरी हिस मामाकडून. सन 1921'. मी काय समजले, तर पणजोबांची पहिली बायको गोदावरी, ती गेली असेल, मग लक्ष्मी आली. वहीत तसं मांडूनही ठेवलं. तांदळात नवं नाव लिहून माहेरचं नाव तिथेच ठेवायची आपली रीत माझ्या लक्षातच आली नाही. एका बाईच्या मी दोन बायका केल्या, आणि त्यातली एक मारूनही टाकली. हाक मारणारा भाऊ नसता तर ती तशीच राहिली असती.

तेव्हा मोठी आई, माळ्यावरची सगळी भांडी पुन्हा एकदा काढशील का? गुंड, परात, तांब्या, जे असेल ते. त्यांच्या बुडाला, काठाखाली, कानाजवळ पाहा. सरकारी कागदांत बाया नाहीत, पण भांड्यांवर आहेत. मोठ्या बाबांना म्हणा, मोडीत काही घालू नका, आधी मला फोटो पाठवा.

मला सगळ्यात जास्त हवी आहे ती पणजोबांची आई. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत ती आहे, 1918 च्या ऑक्टोबरात. तो मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा महिना, आपल्या भागात घरंच्या घरं बसली त्या साथीत. आपल्या घरचे 12 दिवसांत तीन मृत्यू आहेत. पान मोडी लिपीत आहे म्हणून मी मोडी शिकले. इथे आता चार वाजून गेले की अंधार पडतो, संध्याकाळ मोठी असते. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला लटकवत हात न उचलता अक्षरं लिहायची, र्‍हस्व-दीर्घाचा भेद नाही. आठ महिन्यांनी ती ओळ मला वाचता आली, आणि वाचलं ते हे: पणजोबांच्या नावापुढे 'ची आई', आणि कारण 'ताप'. बस. नाव नाहीच.

कामावरून येताना मी जुन्या सूतगिरण्यांच्या लाल विटांच्या भिंतींजवळून चालत येते. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस येईना, तेव्हा इथल्या गिरणीवाल्यांना आपल्या हिंगणघाटचा कापूस आठवला. 1867 ला तर रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. आपल्या घरच्या बैलबंड्यांतलाही कापूस इथे उतरला असेल, असं मला रोज त्या भिंतीजवळ वाटतं.

आणि हो, मी वाकळ शिवते आहे. तू शिकवलीस तशीच, कडेने धावदोरा घालत आत आत. प्रत्येक घराचा एक चौकोन. बाईचं माहेरचं नाव हिरव्या दोऱ्याने, सासरचं त्याखाली लाल. काल रात्री 'गोदावरी' भरलं, आज 'लक्ष्मी' भरेन. तुझं माहेरचं नाव मी आईला विचारलं, तिलाही ठाऊक नाही. तूच सांग. मधला चौकोन कोरा ठेवला आहे, तो पणजोबांच्या आईचा.

त्या चौकोनाला आजीच्या पातळाचा तुकडा हवा. ते जांभळं, बारीक काठाचं, तुझ्या पेटीत आहे ना? हातभर पुरे, विरलेलं असलं तरी चालेल. माझ्यासोबत काम करणारी मुलगी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपूरला येते आहे, भाऊ तिला स्टेशनवर नेऊन देईल. सोबत थोडी आंबाडीची भाजी वाळवून दे.

मोठ्या बाबांना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. तूर फुलावर आली का?

तुझी,
बाळी