डॉक्टर मॅडम, ती पेज तुम्ही निववलीत

डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, आमचंही नाही. देवगडकडच्या आमच्या गावात एकाला कळलं की अख्ख्या वाडीला कळतं, आणि अण्णांना, माझ्या वडिलांना, अजून त्याच वाडीत राहायचंय. पण तुम्ही ओळखाल. ट्रॉलरवरचे खलाशी, जिभेवर सायीसारखा पांढरा थर, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही सात महिने फिरलो. एका डॉक्टरांनी फाइलवर एचआयव्ही वाचलं आणि अण्णांना खुर्चीवर बसूसुद्धा दिलं नाही. दुसरीकडे दरवेळी त्याच, बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या. आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. तोंडात बॅटरी मारून कुणी बघितलं नाही. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, तसा 2017 चा कायदा आहे, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी ठाऊक असतं तर मी तिथून उठले नसते.

तुम्ही बघितलंत. नमुना तपासायला पाठवलात. बुरशी त्या गोळीला दाद देत नाहीये, औषधच बदलायला हवं, असं मला समजेल अशा शब्दांत सांगितलंत. बोटीवर असताना एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या चुकल्या होत्या, त्यावरून अण्णांना रागावला नाहीत. "त्या गोळ्या रोज घेतल्या नाहीत तर ही बुरशी परत येणार, अण्णा," एवढंच म्हणालात. सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, तेव्हा अवघा 41 होता.

बदलून दिलेलं पोसॅकोनॅझोलचं ते पातळ औषध जेवणासोबत घ्यायचं, नाहीतर अंगी लागत नाही. आणि अण्णांच्या घशाखाली घोट उतरत नव्हता. मी डब्यातून उकड्या तांदळाची पेज आणली होती, वाफाळती. तुम्ही राउंड संपवून निघाला होतात, त्या थांबलात. स्टूल ओढलंत, दोन वाट्या मागितल्यात आणि पेज या वाटीतून त्या वाटीत ओतत निववत बसलात. "उद्यापासून यात नारळाचा रस घाल," असं मला सांगितलंत आणि वाटी त्यांच्या हातात दिलीत. बाहेर रांग होती. अण्णांची अर्धी वाटी संपेपर्यंत तुम्ही उठला नाहीत.

घरी ते आपलं ताट घेऊन एकटेच पडवीत बसायचे. आम्ही कधी सांगितलं नव्हतं, लोकांच्या नजरांनी शिकवलं होतं. सात महिन्यांत ते पहिल्यांदा कुणासमोर जेवले, ते तुमच्यासमोर.

मॅडम, स्टूल प्रत्येक दवाखान्यात असतं. ते पेशंटजवळ ओढून बसणारे तुमच्यासारखे लोक आहेत, म्हणून आमच्यासारखी माणसं अजून दवाखान्याची पायरी चढतात.

नवव्या दिवशी अण्णा पेज खाता खाता थांबले. मी घाबरले. "खारट लागता गो," म्हणाले आणि रडले.

आता ते माजघरात आमच्या पंगतीला बसतात. यंदाची आमसुलं त्यांनी स्वतः वाळवलीत. बिननावाची पिशवी आली तर आमचीच समजा.

अण्णांची लेक