होडी थांबवायची कशी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

'होडी वळवता येते, मग थांबवायला कशाला शिकू?' असं विचारलंस. अगं, होडीला ब्रेक नसतो म्हणून! वारा वाढल्यावर शीड लहान करायचं असेल, दोर गुंतला असेल किंवा सोबतच्याला उलटी होत असेल, तर तुला दोन्ही हात मोकळे लागतील. 'हीव टू', म्हणजे शिडं आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध लावून होडी थांबवणं, त्यासाठीच.

एरवी वाऱ्यातून वळताना तू जिबचा, म्हणजे पुढच्या शिडाचा, दोर सोडतेस. या वेळी सोडायचा नाही. सावकाश वळ. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याच्या पलीकडे गेली की जिब उलटं फुगेल आणि नाळेला वाऱ्यापासून दूर ढकलू लागेल. मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, थोडं ढिलं कर. आता जरा दम धर. वेग पार उतरला की मगच टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, वारा जातो त्या बाजूला लोटून बांध; वेगात असताना लोटलास तर होडी गर्रकन परत वळेल. सुकाणू तिला वाऱ्याकडे ओढतं, जिब मागे सारतं आणि या रस्सीखेचीत ती निवांत होते. आदळआपट थांबते. वाऱ्याकडच्या बाजूला पाण्यावर एक गुळगुळीत पट्टा उमटतो, तो नक्की बघ.

पुस्तकांत वाऱ्याशी ४५ ते ६० अंशांचा कोन काढलेला असतो. तो मी फार मनावर घेत नाही. प्रत्येक होडीची खोड वेगळी. लांब कण्याची (म्हणजे तळाखालच्या उभ्या पात्याची) जड होडी शहाण्यासारखी बसते, अरुंद कण्याची हलकी होडी पुढे सरकत राहते. तुझ्या होडीत मधली, तळातून पाण्यात उतरणारी फळी थोडी वर घेऊन बघ. टिलर, मेनसेल, फळी असं एकेक बदल, सगळं एकदम नको. आणि हे मध्यम वाऱ्यातच शिकून घे.

थांबली म्हणजे नांगरली नव्हे हं! तासाला एखादा सागरी मैल ती सहज वाहत जाते. म्हणून त्या दिशेला किनारा, खडक किंवा जाळी नाहीत ना, हे आधी बघ. नजरही चौफेर हवीच. शक्यतो वारा उजवीकडून येईल अशी थांब. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, वारा डावीकडून घेणाऱ्या शिडाच्या होडीने तुला वाट द्यायची असते. इंजिनवाला मात्र बघतोच आहे असं धरून चालू नकोस.

निघताना टिलर सोड, जिबचा ताणलेला दोर मोकळा कर, पलीकडचा ओढ. जिब फार मोठं असेल तर आधीच लहान कर, नाहीतर डोलकाठीच्या तारांवर घासून फाटेल आणि नवीन शिवायला पैसे माझ्याकडेच मागशील.

तुझी,
आई