चढणीचे मासे तुझ्याकडे येतील तेव्हा

हिडकल धरणाकाठ, ता. हुक्केरी
२२ मे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पुन्हा पाण्याबाहेर आलंय, म्हणजे धरण किती खाली गेलंय ते तुला कळेल. काल वळीव झोडपून गेला. रात्री जाळी सांधत बसलो होतो. पंधरा दिवसांत मृग लागेल, त्याआधी तुझ्याशी एक बोलायचंय. फोनवर ते नीट होणार नाही, म्हणून लिहितो.

अंडी घालायच्या दिवसांत आम्ही धरणात जाळं टाकत नाही. नियम मला मनापासून पटतो. पण ते दिवस नेमके कुठले, बघ. १ जून ते ३१ जुलै समुद्रातही बंदी. ६१ दिवस गोव्या-मालवणकडचा बांगडा, सुरमई बेळगावच्या बाजारात येईनाशी होते, आणि त्यातच आखाड. घराघरात मासळी पाहिजे असते. व्यापारी दारात येऊन वाढीव भाव सांगतात आणि माझी जाळी आढ्याला टांगलेली. पुढे श्रावण लागला की तेच गिऱ्हाईक पाठ फिरवतं. मत्स्यसंपदा योजनेत या काळासाठी मदत आहे: आपण १,५०० भरायचे, सरकार ३,००० घालतं, आणि तीन महिन्यांत ४,५०० रुपये मिळतात. महिन्याला दीड हजार. गेल्या जुलैत मी गवंड्याच्या हाताखाली विटा वाहिल्या.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तीन वर्षांपूर्वी आईच्या दवाखान्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा भर आषाढात मी रात्री जाळं टाकलं. सकाळी मासे चिरायला घेतले, तर एकेकीच्या पोटात गाभोळी मावत नव्हती. किलोभराच्या रोहूच्या मादीत लाखाच्या वर अंडी असतात. आबा शेजारी बसले होते. "पोटुशीवर हात टाकलास," एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. औषधं आली, आई बरी झाली. तरी ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही.

रोहू-कटल्याचं एक बरं आहे. १९५७ साली हिरालाल चौधरींनी ओडिशात माशाला इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली, तेव्हापासून बीज तयार करता येतं. बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, आणून धरणात सोडली की वर्षा-दीड वर्षात काट्यावर ठेवण्याजोगा मासा होतो. पण नदीच्या आपल्या जुन्या माशांची बोटुकली कोण आणून सोडतंय? त्यांतल्या कितीतरी जातींना नवं, गढूळ, वाहतं पाणी लागतं. पावसाच्या तोंडावर बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, वाट मोकळी होते आणि पहिल्या लोंढ्याबरोबर मासे उलटे चढू लागतात. घटप्रभेतून ताम्रपर्णीत, तिथून तुमच्या ओढ्यांत, भाताच्या खाचरांत.

आणि तिथे तुम्ही उभे असता. रागावू नकोस, मीही उभा होतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तुझ्या गावी आलो, तेव्हा रात्रभर बॅटरी घेऊन ओढ्यात भिजलो होतो. तुझ्या आईनं केलेलं ते कालवण अजून आठवतं. चढणीचे मासे म्हणजे तुमच्याकडे सणच असतो, आणि चार घरांनी टोपलीभर मासे नेले तर नदी रिकामी होत नाही. पण आता मच्छरदाण्या लावून ओढ्याचं तोंडच बंद करतात, कुणी ब्लीचिंग पावडर टाकतं. अंडी जातात, पिल्लंही जातात. मी इथे दोन महिने जाळं गुंडाळून बसतो ते त्याच माशांसाठी रे. माझ्यावरचा बंदीचा कागद कर्नाटकचा, तो दड्डीच्या पुढे, महाराष्ट्रात तुमच्या चंदगडात, चालत नाही. तिथे तुझाच शब्द चालेल.

मोठा ओढा तुझ्याच रानातून वर जातो. तेवढा एक सोड. पहिल्या पुराचे आठ-दहा दिवस तिथे कुणी हात घालायचा नाही. अंडी घालून मासे परत फिरतील, तेव्हा उतरणीला हवे तेवढे धरा. बारीक भोकांचं जाळं आणि पावडर मात्र कधीच नको. गावात तुला एकट्याला बोलणं जड जाईल, हे मला कळतं. म्हणून येत्या रविवारी मी येतो. आबाही येतो म्हणतायत. ओढा कुठून चढतो, मासे कुठल्या वळणाला थांबतात, हे त्यांच्या तोंडून ऐकलं तर तुमची पोरं ऐकतील असं मला वाटतं.

वहिनींना सांग, जेवायला चौघं आहोत. मासे आणत नाही, वांगी आणतो.

तुझाच,
घटप्रभेकाठचा दोस्त