कृष्णेच्या पुलावर आबा बोलले

सातारा
१४ सप्टेंबर

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

"फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव," असं तू दोनदा बजावलंस. गुडघ्याचं ऑपरेशन करून पडलेल्या माणसाचा हट्ट मोडवत नाही, म्हणून घटक चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून बसलोय. पोरांचे मार्क दोन दिवस उशिरा कळले तर जगबुडी होणार नाही.

तर आपल्या ताईची चिमी लष्करात लेफ्टनंट झाली. लहानपणी तुझ्या स्कूटरच्या पुढ्यात उभी राहून राजवाड्यावर भेळ खायला येणारी चिमी. अजून लिहिताना हात जरा अडखळतो.

चेन्नईची तिची पासिंग आऊट परेड नेमकी गणपतीत आली. ताईचा जीव टांगणीला. पण आपल्याकडचा गणपती गौरींबरोबर जातो, तेवढी सोय देवानंच करून ठेवली होती. विसर्जन केलं, मखर तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी निघालो. ताई, भावजी, मी आणि आबा. आबांचं वय सत्त्याहत्तर, ट्रेनचा प्रवास, चेन्नईचा उकाडा. आम्ही तिघांनी आपापल्या परीनं त्यांना घरी ठेवायचा प्रयत्न केला. आबा काहीच बोलले नाहीत. सकाळी पाहतो तर त्यांची वळकटी बांधून तयार. हो, वळकटी. एसी डब्यात चादर-उशी मिळते हे त्यांना पटत नाही.

पुण्याहून रात्री गाडीत बसलो. प्लॅटफॉर्मवर मला सारखी आपली झेलम एक्स्प्रेस आठवत होती. १९९९ चा नोव्हेंबर, कारगिल नुकतंच संपलेलं, डबाभर रजेवरून परतणारे जवान आणि त्यांच्या काळ्या ट्रंका. त्यातल्या एका ट्रंकेवर बसून आपण दोघं भोपाळला एसएसबीला, म्हणजे लष्करी अधिकारी निवडायच्या मुलाखतीला, निघालेलो. तू चेस्ट नंबर आठ, मी नऊ. पाच दिवस ती चित्रं बघून गोष्टी लिहायच्या, फळ्या-दोरखंडांनी नसलेली नदी ओलांडायची, आणि तो इंग्रजीतला ग्रुप डिस्कशन, ज्यात तू एकच वाक्य बोललास आणि मी तेवढंही नाही. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स झाली आणि नंबर पुकारले. आठही नाही, नऊही नाही. मग स्टेशनवर आपण पोहे-जिलबी खाल्ली. तू तीन प्लेट खाल्ल्यास. दुःखात एवढी जिलबी खाणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

तू नागपूरला काकांकडं गेलास, मी घरी आलो. पुढचं तुला कधी सांगितलं नाही. आबा ओट्यावर बसले होते. माझ्याकडं बघितलं, तोंडावरून त्यांना कळलंच, आणि एवढंच म्हणाले, "जेवलास का?" बस्स. त्यानंतर सव्वीस वर्षं त्या विषयावर आमच्यात एक शब्द नाही. मी डीएड केलं, मास्तर झालो, लग्न, घर, सगळं झालं. पण हवालदाराच्या पोरानं साहेब व्हावं ही बापाची एकच इच्छा आपण घालवली, हे कुसळ आत होतंच. चिमीचं पत्र आलं तेव्हा मी पेढे वाटले खरे, पण रात्री झोप लागली नाही. आनंदानं नाही रे. तुला खोटं कशाला सांगू.

सोलापूर झोपेतच गेलं. वाडीला चहा घेतला. पुढं रायचूरच्या अलीकडं गाडी एका लांबलचक पुलावर चढली. खाली पाणीच पाणी. आबा खिडकीशी. म्हणाले, "ही कुठली नदी?" मी म्हणालो, कृष्णा. "आपली?" आपलीच, माहुलीवरून वाहत येते ती. आबांनी खिशातून नाणं काढलं, पण एसीची काच उघडेना. ते नाणं हातातच ठेवून ते पाण्याकडं बघत राहिले आणि तसंच, माझ्याकडं न बघता, म्हणाले,

"भोपाळवरनं तू परत आलास नव्हं, तवा मला बरं वाटलं हुतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्या साली आपल्या जिल्ह्यात पेट्या येत हुत्या. तिरंग्यात. मी एका मयतीला गेलो, त्या पोराचा बाप माझ्याच पलटणीचा. त्यो रडला न्हाई. मला म्हनला, हवालदार, तुमचं पोरगं काय करतंय? मी म्हनलो, साहेबाच्या परीक्षेला जानार हाय. त्यो काय बोलला न्हाई. मग तू आलास, तोंड पाडून. म्हनलं, देवा, सुटलो." जरा थांबून म्हणाले, "आसं बोलू नये मानसानं. जवानानं तर न्हाईच. म्हनून न्हाई बोललो."

पूल संपला. ताई वरच्या बर्थवर घोरत होती. मी काय बोललो असेन असं तुला वाटतं? काही नाही. डब्यातली शेंगदाण्याची चटणी काढली, दशम्या काढल्या, आम्ही दोघांनी खाल्लं. सव्वीस वर्षं मी ज्याला बापाची निराशा समजत होतो ती सुटका होती! आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांनाही ती सव्वीस वर्षं चोरीसारखी लपवावी लागली. गुंतकल, रेणीगुंटा, अरक्कोणम अशी स्टेशनं जात होती आणि मी नुसता बाहेर बघत होतो. लाल माती, ताडाची झाडं. एरवी मी तुला दोन पानं निसर्गवर्णन लिहिलं असतं.

चेन्नईत उतरल्यावर लॉजवाल्यानं तुमचं बुकिंगच नाही म्हणून हात वर केले. भावजींनी मोबाइलवर पावती दाखवली, तो तमिळमध्ये आणि भावजी मराठीत असं अर्धा तास चाललं. शेवटी आबा पुढं झाले आणि त्यांच्या त्या पलटणी हिंदीत म्हणाले, "हमारा बच्ची ओटीए में अफसर बनता है." बच्ची, हमारा, बनता. पण त्या माणसानं हसून जिन्याखालची एक खोली काढून दिली. तिथं आणखी एक राजस्थानातलं कुटुंब असंच अडकलेलं. त्यांचा मुलगाही ओटीएत. रात्री त्यांनी आम्हाला बाजरीचा चुरमा दिला, आम्ही त्यांना गौरीच्या फराळातल्या करंज्या.

ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी, म्हणजे ओटीए, सेंट थॉमस माऊंटला आहे, विमानतळाकडं जाताना. मेट्रोच्या एका स्टेशनच्या नावातच ओटीए आहे, आबांना ते फार आवडलं. १९६३ साली सुरू झालेली संस्था. शॉर्ट सर्व्हिसचे, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी घेतलेले, अधिकारी इथं घडतात, आणि १९९२ पासून मुलीसुद्धा. एकोणपन्नास आठवड्यांचं ट्रेनिंग. चिमी एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटवर आली, तेही तिसऱ्या एसएसबीत. पहिल्या दोनदा ती आपल्यासारखीच परत आली होती. फरक एवढाच की आपण एकदाच गेलो. आपण दुसऱ्यांदा का नाही गेलो रे, बापू? मला खरंच आठवत नाही.

परेड उकाड्यामुळं सकाळी लवकर असते. आम्ही पहाटे चारला उठलो. आबा त्याआधीच दाढी करून, पांढरा सदरा, त्यावर मेडलं, डोक्यावर टोपी घालून बसलेले. मी विचारलं, "आबा, चिमीला सॅल्यूट करणार का?" मला वाटलं गहिवरतील. ते वैतागलेच. "आरं, पेन्शनीतला मानूस मी. ही टोपी वर्दीची हाय का? साध्या कपड्यात हात उचलायचा नसतो, सावधान हुबं ऱ्हायाचं. मोबाइलवर लोक काय बी दाखवत्यात." सव्वा तास त्यांनी भावजींना सलामीचे नियम समजावले. भावजी पोस्टात आहेत, ऐकून घेतात.

परेडच्या मैदानाचं नाव परमेश्वरन ड्रिल स्क्वेअर. मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, १९७२ साली याच अकॅडमीतून महार रेजिमेंटमध्ये गेलेले. २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत शोधमोहिमेवरून रात्री परतताना त्यांच्या तुकडीवर अतिरेक्यांनी दबा धरून हल्ला केला. हातघाईत छातीत गोळी लागली, तरी त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि अखेरपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र. हे मी ताईला सांगत होतो. ताई म्हणाली, "आज नको." आबांनी तेवढ्यात माझ्याकडं बघितलं. पुलावरचं बोलणं आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मग बँड वाजला आणि तुकड्या आल्या. बापू, टीव्हीवर कळत नाही. टाचा एकदम पडल्या की खुर्चीतून आवाज पाठीत जातो. आता गंमत ऐक. ताईनं तिसऱ्या ओळीतली एक मुलगी पकडली आणि "ती बघ माझी चिमी" म्हणून रडायला लागली. वीस मिनिटं रडली. भावजींनी तिचेच फोटो काढले. आबा शांतपणे म्हणाले, "ती न्हवं. मागच्या रांगंत, डावीकडनं दुसरी. चालताना उजवा खांदा पाडती, ल्हानपनापास्नं." खरंच तीच होती. आता आमच्याकडं कुणाच्या तरी लेकीचे चाळीस फोटो आहेत, आणि तिच्या आईबापांचा पत्ता नाही.

मी मात्र आणखी एक शोधत होतो. मला वाटलं होतं, त्या रांगांमध्ये कुठंतरी मी स्वतःला बघेन, एकवीस वर्षांचा, चेस्ट नंबर नऊ. आणि मग काळजात कळ येईल. त्या कळीची मी घरापासून तयारी करून गेलो होतो. पण मी कुठं दिसेचना. तिथं फक्त ही पोरं होती, घामानं निथळलेली, आणि प्रत्येकाच्या मागं पहाटेचे रगडे, पाठीवर पिठ्ठू घेऊन पळणं, उस्तादांच्या शिव्या. आपण कधी ते मागितलंच नव्हतं रे. आपल्याला वर्दी हवी होती. गावात घालून फिरायला.

शेवटी बँडनं संथ निरोपाची धून धरली आणि सगळे हळू पावलांनी 'अंतिम पग', म्हणजे शेवटचं पाऊल, ओलांडून गेले. मग तारे लावायचा कार्यक्रम. खांद्यावरच्या ताऱ्यांवर पट्टी असते, ती आईबापांनी काढायची. ताईचे हात इतके थरथरत होते की तिची पट्टी चिमीनंच हळूच सैल करून दिली. आबा म्हणाले, "दोन फुलं? आमच्या वक्ताला पैलं एकच मिळायचं." चिमी पाया पडायला वाकली तर ओरडले, "वर्दीत वाकायचं न्हाई!" आजूबाजूचे चार लोक वळून बघायला लागले. चिमी ताठ उभी राहिली. आबाही सावधान. टाचा जुळलेल्या, मुठी शिवणीला, पोट आत. सत्त्याहत्तराव्या वर्षी! मग हळूच विचारलं, "बूट चावतोय का?" ती म्हणाली, "चावतोय." "मला वाटलंच. डावा."

तिला तोफखाना मिळालाय. तोफखान्यात मुलींना घ्यायला २०२३ मध्ये सुरुवात झाली, पहिल्या पाचजणी इथूनच गेल्या. पुढं कोर्सला ती देवळालीला येईल, म्हणजे नाशिक, म्हणजे ताईच्या हिशेबानं घरच. परतीच्या गाडीत आबा भावजींना समजावत होते, "तोफा लई मागं असत्यात. पायदळासारखं न्हाई. मैलोन्‌मैल मागं." भावजी मान हलवत होते. १९७१ च्या डिसेंबरात, युद्धात, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनीत, जंगी पलटणीत, आबा होते. शत्रूच्या तोफा आधी कुणाला शोधतात हे त्यांना माहीत नसेल? मी गप्प राहिलो. या वेळी पूल रात्री गेला.

चिमी आता रजेवर घरी आहे. पहिल्या दिवशी ताईनं तिला दुपारपर्यंत झोपायला सांगितलं. पहाटे चारला तिचे डोळे उघडले ते उघडलेच. आबा जागेच असतात. काल मला जाग आली तर दोघं ओट्यावर बसून तिचे बूट पॉलिश करत होते. तिला अकॅडमीत शिकवलेली पद्धत आबांना पसंत नाही, त्यांची चिंधी, थुंकी आणि गोल गोल बोट. मी पांघरुणातच पडून ऐकत होतो. आबा तिला जमालपूर सांगत होते. थंडी किती होती, खायला काय होतं, शेजारच्या खड्ड्यात कोण होतं आणि सकाळी कोण नव्हतं.

मला त्यांनी ते कधीच सांगितलं नाही. मी उठलो नाही. वाटलं, मी दारात दिसलो तर थांबतील.

वहिनींना नमस्कार. गुडघा वाकवायचा व्यायाम टाळू नकोस.

तुझा,
नाना

ता. क. चिमी म्हणते, बापूमामाला विचार, भोपाळला त्या एका वाक्यात काय बोलला होतास? मलाही आठवेना. कळव.