बाजारात सांगून टाकलं

चि. बाळू यास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू चिडलास, म्हणून लिहायला बसले. "छकुलीचं लग्न होईपर्यंत बाबांच्या आजाराचं कोणाला सांगू नको, अशक्तपणा आहे म्हण," असं तू सांगितलंस आणि आठ महिने मी तेच म्हटलं. मंगळवारच्या बाजारात मात्र राहवलं नाही.

मी भाजीचे पैसे देईपर्यंत बाबा निघून गेले. सापडले एसटी स्टँडवर. गळ्यात माळ, एका पायात कोणाची तरी चप्पल, धोतर सुटलेलं. भोवती पोरं ओरडत होती, "बुढा पिऊन आला!" माळ घातल्यापासून ज्या माणसानं भट्टीपुढून जायचा रस्तासुद्धा सोडला, तो माणूस! मला पाहून म्हणाले, "काहून हासतात वं हे? मले घरी जाचं हाय."

पोरांना काय बोलू? आपण काही सांगितलंच नव्हतं, मग ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं. कोणी दारू म्हणे, कोणी करणी. तुझ्या काकूनं तर वावराच्या वाटणीचा शाप काढला. मी तिथंच मोठ्यानं सांगितलं, "यायले डिमेन्शिया आहे. मेंदूचा आजार आहे. पेलेले नाहीत."

देवऋष्याचा गंडा पहिल्यांदा मीच बांधला होता, हेही तुला आज सांगते. त्या नादात बीपीच्या गोळ्या दोन महिने बंद होत्या.

सेवाग्रामला तू कागदांसाठी खिडकीवर उभा होतास, म्हणून आतलं तुला माहीत नाही. डॉक्टरांनी तारीख विचारली, तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, मग 100 मधून सात-सात कमी करायला सांगितले. जिनिंगवाल्याची क्विंटलची चूक तोंडी पकडणारे तुझे बाबा 93 म्हणाले आणि माझ्याकडे पाहत राहिले. घड्याळ काढलं तर सगळे आकडे एकाच बाजूला. आणि मी दोन वर्षं हसून म्हणत होते, साठी बुद्धी नाठी! डॉक्टर म्हणाले, नुसत्या वयानं असं होत नाही. बी-12 आणि थायरॉइड आधी तपासले, कारण विसरणं त्यामुळे असेल तर औषधानं सुधारू शकतं. ते ठीक निघालं. सीटीत मेंदूला रक्त न पोचल्याच्या जुन्या खुणा दिसल्या. बीपी, आणि वर तो तंबाखूचा खर्रा.

देशात साठीपुढच्या अंदाजे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे म्हणे. मग आपल्या गावात आपणच कसे? बाकीच्या घरांतही अशक्तपणाच असेल!

बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी किराणावाल्याचा फोन आला, "बाबा इथं बसलेत, चहा पाजला, सावकाश या." बचत गटातली एकजण हापशीवर माझ्याजवळ रडली. तिची सासू तशीच आहे, दिवसभर खोलीला कडी. तिला मी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर दिला, फुकट आहे, मराठीत बोलतात. सगळेच काही चांगले वागले नाहीत. भजनी मंडळानं बाबांना बोलावणं बंद केलं, ते मला फार लागलं.

दारव्ह्याच्या स्थळाला मीच फोन केला. बाबांचा आजार रक्तवाहिन्यांचा आहे, लेकरांना होईलच असं नाही, हे डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. "कळवतो" म्हणाले. बारा दिवस झाले. छकुली म्हणते, नसू दे. रात्री जागी असते, ते मला दिसतं.

पोळ्याला ये. बाबा तुला तुझ्या वारलेल्या काकाच्या नावानं हाक मारतील. दुरुस्त करू नको, ओ दे. बैलांना मात्र ते अजून बरोबर ओळखतात, खांदशेकणीला त्यांच्याजवळच बस.

येताना पट्टीचे बूट आण, नऊ नंबर, नाडीचे नको. आणि त्यांच्या बंडीच्या खिशात मी कापडावर तुझाही नंबर शिवला आहे. अनोळखी फोन आला तर कापू नको, उचलत जा.

तुझी आई