‘माझ्याकडेही अडकला’: दोन शब्दांसाठी आभार

नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक छोटा शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, विंडोजवर आणायचं काम मी हातात घेतलं, तेव्हा वाटलं होतं की तिरक्या रेघा उलटसुलट करायच्या, पाथमध्ये अपूर्णविरामाच्या जागी अर्धविराम घालायचा, ओळीच्या शेवटी येणारं जादा अक्षर गाळायचं, की झालं. ते सगळं दोन आठवड्यांत उरकलं. खरा डोंगर फोर्कचा होता. युनिक्सवर शेल आधी स्वतःची हुबेहूब प्रत काढतो (हाच फोर्क) आणि मग ती प्रत एक्झेक करून दुसरा प्रोग्रॅम होते. या दोन पावलांच्या मधे जी उसंत मिळते, तिच्यात शेलचा निम्मा संसार चालतो: पाइपचं, म्हणजे एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणाऱ्या नळीचं, नको असलेलं टोक बंद करायचं, आउटपुट फाइलकडे वळवायचं, प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, ग्रुप ठरवायचा. विंडोजवर नवी प्रोसेस सुरू करणाऱ्या क्रिएटप्रोसेस या फंक्शनमध्ये ही उसंतच नाही. नवी प्रोसेस जन्मते तीच दुसरा प्रोग्रॅम म्हणून. विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणारं सिगविन नव्या प्रोसेसला थांबवून तिच्यात जुनीची मेमरी ओततं आणि फोर्कची नक्कल करतं, पण ते फार हळू चालतं. म्हणून मी सबशेल, म्हणजे शेलच्या आतले उपशेल, वेगळी प्रोसेस न काढता त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या थ्रेडवर चालवले.

आणि शेल अडकू लागला. पाइपलाइनमधला डावीकडचा प्रोग्रॅम काम संपवून निघून जायचा, उजवीकडचा मात्र अजून काही येईल म्हणून वाट बघत बसायचा. कधी दिवसातून दोनदा, कधी चार दिवस एकदाही नाही. असे सात महिने गेले.

त्या सात महिन्यांत ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्याबद्दल मनात अजून कडवटपणा आहे आणि तो मी लपवणार नाही. एकाने कळवलं, ‘आमच्याकडे चालतं.’ किती वेळा चालवून पाहिलं, असं विचारल्यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्याचं म्हणणं, २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्सचे प्रोग्रॅम चालवता येतात, मग हा उद्योग हवा कशाला? तिसऱ्याने मला फोर्क म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावलं. माझा प्रश्न कुणी शेवटपर्यंत वाचलाच नाही. पुढे पुढे मला स्वतःच्या डोळ्यांचीच शंका यायला लागली. खरंच अडकतो का, की मीच कुठेतरी वेंधळेपणा करते आहे?

तुम्ही आधी एकही सल्ला दिला नाहीत. एवढंच विचारलंत, ‘अडकतो तेव्हा कुठली कमांड चालू असते? आउटपुट आहे तसं पाठवा, काटछाट करू नका.’ मी पाठवलं. तुम्ही माझा शेल तुमच्या मशीनवर बिल्ड केलात, तीच कमांड रात्रभर फिरवत ठेवलीत आणि सकाळी एक ओळ आली: ‘माझ्याकडेही अडकला. ३१७व्या फेरीला.’

ती ओळ वाचून मी रडले. कारण अजून सापडलं नव्हतं, उपाय तर लांबच. पण मला दिसत होतं ते दुसऱ्या कुणालातरी दिसलं होतं. ‘आमच्याकडे चालतं’ म्हणणारा दहादा चालवून थांबला असेल, तुम्ही तीनशेच्या पुढे गेलात. ओळख ना पाळख, माझ्या शब्दावर एवढा विश्वास कुणी टाकावा? अशी माणसं असतात म्हणून ही कामं होतात. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी मशीनवर रात्रभर काहीतरी फिरत असतं आणि सकाळी कुणीतरी प्रामाणिकपणे आकडा कळवतं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. एका थ्रेडने पाइप उघडला की त्याच क्षणी दुसरा थ्रेड भलतीच प्रोसेस सुरू करायचा आणि वारशाने जाऊ शकणारी सगळी हँडल, म्हणजे उघड्या फाइल-पाइप धरून ठेवणाऱ्या मुठी, तिच्याकडे जायची. आमच्या पाइपचं लिहायचं टोक अशा परक्या प्रोसेसच्या मुठीत राहिलं, तर वाचणाऱ्याला शेवट दिसणार कसा? नेमकी कोणती हँडल द्यायची त्याची यादी विंडोज व्हिस्टापासून क्रिएटप्रोसेसला देता येते, हे तुम्ही पत्रात दाखवलंत. बदल जेमतेम चाळीस ओळींचा निघाला.

त्याच पत्रात तुम्ही बॉर्न शेलबद्दल लिहिलं होतंत. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीतला तो शेल हद्द न तपासता मेमरीत पुढे लिहीत जायचा, हद्द ओलांडल्याचा (सेगमेंटेशनचा) सिग्नल आला की तो पकडून जागा वाढवायचा आणि प्रोसेसरची तीच सूचना पुन्हा चालवायचा. मोटोरोला ६८००० या प्रोसेसरवर अशी मधेच फसलेली सूचना नीट पुन्हा सुरू करता येत नसे, त्यामुळे तिथे तो नेणाऱ्यांचे फार हाल झाले. हे सांगायची तुम्हाला काही गरज नव्हती. पण ते वाचून मला पहिल्यांदा वाटलं, शेल दुसऱ्या घरी नेताना दमलेली मी काही पहिली नाही.

तुमची ती फेऱ्यांची चाचणी आता आमच्या चाचण्यांमध्ये कायमची घातली आहे. काल रात्री तिच्या दहा हजार फेऱ्या झाल्या. एकदाही अडकला नाही. हे सर्वांत आधी तुम्हाला कळवायचं होतं.

तुमची ऋणी